डाव्या पायाचा पवित्रा

खंडेनवमीच्या सकाळी सव्वानऊला संभाजीराव जगदाळ्यांनी तालमीच्या फाटकाला आतून कडी घातली आणि जाहीर केलं, की नात स्मृतीची सही झाल्याशिवाय आज शस्त्रांना हळद लागणार नाही, नारळ फुटणार नाही आणि मटणाच्या हंडीचं झाकणसुद्धा निघणार नाही.

सही हवी होती सात पानांच्या पत्रावर. सातही पानं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती. आठवंही लिहिणार होते, पण शाई संपली आणि राग उरला. तो उरलेला राग घेऊन ते पहाटेपासून तालमीच्या अंगणात येरझारा घालत होते. अंगण कालच गेरूनं सारवलेलं, पाटावर दांडपट्टे, फरी, गदके, दोन भाले आणि एक न उडणारी बंदूक मांडलेली. सगळ्यांना झेंडूच्या माळा. भिंतीवर मारुतीच्या तसबिरीखाली पत्र्याचा फळा, त्यावर जगदाळे तालमीच्या उस्तादांची नावं एकाखाली एक. चौथं नाव संभाजीरावांचं. त्याखाली चुन्याचा एक चौकोनी डाग. तिथं अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं, समरजीतचं नाव होतं.

"आबासाहेब, पत्रात तुम्ही लिहिलंय की मी चाचणीला जाणार नाही," स्मृती म्हणाली. वय सतरा, केस घट्ट बांधलेले, ओढणी कमरेला. "पण मला जायचंय. सोमवारीच आहे."

"परीक्षकांनी शब्द मागे घेतला तर जा. नाही घेतला तर आपण त्यांना मागे घेऊ."

"मतलब?"

"मतलब, आपणच त्यांच्यावर बहिष्कार!"

झालं होतं ते असं. गेल्या रविवारी भोपाळला मर्दानी खेळांच्या प्रदेश संघाची निवड होती. स्मृतीनं अकरा लिंबं मांडली, पट्ट्यानं अकराही कापली, त्यांतलं एक तर तिच्याकडे पाहूनच दुभंगलं असं संभाजीराव इंदरगंजच्या चहावाल्याला सांगून आले होते. आणि तरीही परीक्षकांनी कागदावर लिहिलं : 'डावा पाय जमिनीवरून उचलला जात नाही. मूलभूत दोष. सोमवारी फेरचाचणी. दोष राहिल्यास नाव विचारात घेतलं जाणार नाही.'

"दोष!" संभाजीराव गरजले. गेल्या पाच दिवसांत हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला होता की शेजारची कबुतरं तो ऐकून उडायचीही थांबली होती. "अरे, ज्याला हे दोष म्हणतात त्याला अख्ख्या लष्कर भागात जगदाळे पवित्रा म्हणतात! उजवा पाय पुढे, डावा जमिनीला घासत मागून. पट्टा कुठूनही येवो, डावा पाय माती सोडत नाही. हे यांना कोण सांगणार? काल जन्मले आणि आज शिट्टी गळ्यात!"

त्या पायाच्या संभाजीरावांकडे तीन हकिकती होत्या. पाहुण्यांना ते सांगत, की आपला पूर्वज किल्ल्याच्या चढावर रात्रीचा लढला, दगड निसटून आवाज होऊ नये म्हणून पाय उचललाच नाही. मुरारच्या फौजी लोकांना सांगत, की पूर्वज चंबळेच्या धारेत कमरेइतक्या पाण्यात उभा राहून लढला, पाय उचलता तर थेट प्रयागला पोचता. आणि लहान पोरांना सांगत, की पाय मातीला लावून ठेवला की माती आपल्या बाजूनं लढते. तिन्ही हकिकतींत पूर्वज वेगळा, शत्रू वेगळा, पाय तोच.

हे सगळं ओसरीतल्या बाजेवर बसून ऐकत होत्या त्यांच्या थोरल्या बहीण, कुमुदिनी. घरात अक्कासाहेब. वय ब्याऐंशी, ऐकायला कमी येतं असं सगळ्यांना वाटायचं आणि त्यांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं. त्या झेंडूची उरलेली फुलं ओवत होत्या.

तेवढ्यात फाटकावर थाप पडली.

"कोण आहे?"

"मी. समरजीत."

 अठरा वर्षं समरजीत या फाटकाच्या आत आला नव्हता. दर खंडेनवमीला त्याची बायको मधुवंती हंडी घेऊन यायची, तालमीसाठी आजोबांकडे राहणाऱ्या मुलीला भेटायची, सासऱ्यांना वाढायची आणि डबे घेऊन मुरारला परत जायची. तो गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवर बसून राहायचा. आजही मधुवंती कडी लागायच्या आधीच आत आली होती.

"सही झाल्याशिवाय फाटक उघडणार नाही," संभाजीराव म्हणाले.

"मग पप्पा भिंतीवरून येतील," स्मृती म्हणाली.

"येऊ दे! भिंतीवरून येणं हेच त्याच्या त्या विद्येला शोभतं!"

मधुवंतीनं पदराला हात पुसले, सासऱ्यांसमोरून गेली आणि कडी काढली. "आबासाहेब, रागवा मग. मटण थंड होतंय आणि ते सेहेचाळीस वर्षांचे आहेत, भिंतीवरून पडले तर सोमवारी दोन-दोन पाय बघावे लागतील."

समरजीत आत आला. चपला बाहेर काढल्या, मारुतीला हात जोडले, वडिलांच्या पाया पडायला वाकला. संभाजीरावांनी पाय मागे घेतला. डावा. घासत.

"आबासाहेब, एक मिनिट ऐका तर सही."

"तुझं ऐकायचं? तू तालीम सोडलीस. मुरारला काचेचं दार लावून दुकान काढलंस. दारावर लिहिलंयस, एका छताखाली पाच विद्या! कराटे म्हणजे काय? हवेला दम देणं. तायक्वांदो? समोरच्याच्या नाकावरची माशी पायानं हाकलणं. आणि तो वुशू, त्यात तर माणूस लढतोय की धोतर सोडवतोय तेच कळत नाही! हे सगळं शिकलास आणि बापाचा एक पाय तुला जड झाला!"

समरजीत हसला नाही. त्याला हसू आलं होतं, ते मधुवंतीला दिसलं. "हसा, पण नंतर," ती पुटपुटली.

"सगळ्या विद्या वेगळ्या आहेत, आबासाहेब," तो म्हणाला. "कराटेत ताकद कमरेतून काढतात. तायक्वांदोत पाय हातापेक्षा लांब, म्हणून पायानंच बोलतात. शिखांच्या गतक्यात थांबायचंच नसतं, गोल फिरत राहायचं. आपल्या पट्ट्यात मनगटाला काम नाही, सगळं खांद्यातून. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं. फक्त आपल्याकडे डावा पाय बारशाला आलेल्या पाहुण्यासारखा मागून येतो."

"तोंड सांभाळ!"

"मी आज दुसरंच सांगायला आलो होतो. गेल्या महिन्यात माझी चाळीस पोरं इंदोरला स्पर्धेला नेली. कराटेची. तिथला पंच माझ्याजवळ आला आणि विचारायला लागला, सर, ये मुरार स्टाइल क्या है? मला समजेना. मग मी बघितलं. चाळीसच्या चाळीस पोरं डावा पाय घासत पुढं जात होती." तो थांबला. "मी त्यांना ते कधी शिकवलं नाही, आबासाहेब. त्यांनी माझ्याकडे बघून उचललं. मी इथून निघालो अठरा वर्षांपूर्वी. पाय निघालाच नाही."

 चाळीस पोरं! मुरारमध्ये! संभाजीरावांच्या छातीत काहीतरी फुगल्यासारखं झालं, पण ते रागातच होते आणि रागात असताना आनंद व्हावा याचा त्यांना आणखी राग आला.

"मग अभिमान बाळग!" ते ओरडले.

"किती जिंकली विचारा."

"किती?"

"एकही नाही."

समरजीतनं पिशवीतून कापडात गुंडाळलेली मऊ काठी काढली. "स्मृती, गदका घे. आबासाहेबांचा पवित्रा घे, जसाच्या तसा. मी फक्त एकच करणार."

स्मृतीनं आजोबांकडे पाहिलं. संभाजीरावांनी मान हलवली. ती पवित्र्यात उभी राहिली आणि ते पाहताच त्यांचा ऊर भरून आला. उजवा गुडघा वाकलेला, पाठ ताठ, डावा पाय मातीला चिकटलेला. तसबिरीतला मारुतीसुद्धा तिच्याकडे पाहत असावा.

समरजीत पुढे आला. तिनं वार केला, त्यानं चुकवला, आणि मऊ काठी तिच्या डाव्या गुडघ्याला टेकवली. "एक." पुन्हा फिरली, पुन्हा डावा गुडघा. "दोन." तिसऱ्या वेळी तिनं झपकन मागे सरायचा प्रयत्न केला, डावा पाय घासला, आणि ती "आई गं" म्हणून खालीच बसली.

"मी तर हलकाच लावला," समरजीत घाबरला.

"तुम्ही नाही लावला, पप्पा. आधीचंच आहे." स्मृतीनं सलवार वर केली. गुडघ्यावर पट्टा बांधलेला होता. "चार महिने झाले. घुटना सुजतो. डॉक्टर म्हणाले, पाय असा ओढू नका."

"चार महिने!" संभाजीराव कडाडले. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पूर्वजांचं नाही दुखलं."

"नाहीच दुखलं!"

"दुखत होतं," बाजेवरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. अक्कासाहेबांनी सुई फुलात टोचून बाजूला ठेवली होती.

"काय म्हणालात, अक्का?"

"पूर्वजाचं दुखत होतं म्हणाले. पूर्वज एकच. आपले दादासाहेब. चढाव नव्हता, चंबळ नव्हती. तळपायाला कुरूप झालं होतं."

संभाजीरावांनी फळ्याकडे पाहिलं. फळ्यावरचं तिसरं नाव होतं संग्रामराव जगदाळे, त्यांचे वडील. ज्यांच्या पट्ट्याची पाती फिरली की समोरच्याला वाऱ्यानं सर्दी व्हायची, असं लष्कर भागात आजही सांगतात.

"कुरूप?"

"डाव्या पायाला, अंगठ्याच्या मुळाशी. हरभऱ्याएवढं. मी अकरा वर्षांची, तू तीन. दादासाहेब म्हणाले, कुमे, बिब्बा तापवून लाव. मी लावला. बरं व्हावं म्हणून जरा जास्तच लावला." त्यांनी हात चोळले. "बिब्बा उतला. तळवा सोलून निघाला. महिनाभर पाय टेकवेना, आणि टेकवायला लागले तेव्हा उचलवेना. दसऱ्याला शंभर माणसं बघायला यायची होती. उस्ताद लंगडतो असं दिसायला नको. म्हणून ते म्हणाले, हा नवा पवित्रा आहे."

"खोटं!"

"मग माझं खोटं म्हण. मला म्हणाले, कुमे, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. एकाहत्तर वर्षं. माझ्या हातानं झालं होतं म्हणून नाही सांगितलं. पण पोरीचा गुडघा सुजलेला पाहून आता तोंड मिटून बसायचं म्हणजे मी दुसऱ्यांदा बिब्बा लावला असं होईल."

मग संभाजीराव असे संतापले की त्यापुढे आधीचे पाच दिवस नुसती सुरुवात वाटावी. ते परीक्षकांवर संतापले, कारण त्यांचं बरोबर निघालं. वडिलांवर संतापले, कारण ते थट्टा करून निघून गेले. स्वतःच्या तीन हकिकतींवर संतापले. चाळीस पोरांवर संतापले. सगळ्यात जास्त बहिणीवर.

"म्हणजे मी सदुसष्ट वर्षं कुरूप गिरवतोय? तुमच्या डोळ्यांदेखत? मी सातव्या वर्षापासून तो पाय घासतोय, आणि तुम्ही बाजेवर बसून फुलं ओवताय! एकदा तरी सांगायचंत! कान धरून सांगायचंत!"

"कुठं येऊन सांगणार होते?" अक्कासाहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "या अंगणात? तुला आठवत नाही, तू लहान होतास. तुझ्याआधी दादासाहेब मला शिकवायचे. पहाटे, फाटकाला कडी लावून. मुलगा नव्हता ना घरात! सहाव्या वर्षापासून पाच वर्षं माझ्या हातात पट्टा होता. लिंबू कापायचे मी. मग तू पट्ट्याची मूठ धरायला लागलास आणि मला म्हणाले, आता कुमे, तू आत. त्या दिवसापासून माझी जागा या बाजेवर. तू उस्ताद झालास तेव्हा मीच पेढे वाटले. तेव्हा तरी म्हणालास का, अक्का, या एकदा अंगणात? मला विचारलं कोणी?"

 संभाजीरावांनी उलट दुसराच प्रश्न विचारला. राग तोच होता, पण आवाज पुरेसा येईना.

"म्हणजे कुरूप होण्याआधी दादासाहेब पाय कसा टाकायचे, ते..."

"मी पाहिलंय. मी टाकलाय. जिवंत असलेल्यांत फक्त मी."

स्मृती जमिनीवरून उठली. "आत्याआजी, दाखवा ना. सोमवारी आहे. प्लीज़."

"दाखवेन." अक्कासाहेबांनी काठी घेतली, पण उठल्या नाहीत. काठीचं टोक फळ्याकडे केलं. "आधी तिथं माझं नाव लिहा."

"अक्का!"

"दादासाहेबांच्या खाली. तुझ्या वर. मी तुझ्याआधी शिकले."

"मध्ये जागा नाही!" संभाजीराव खरोखरच फळ्याजवळ गेले आणि बोटांनी अंतर मोजलं. "एक बोटही जागा नाही. खाली आहे. तो चुन्याचा डाग आहे, तिथं..."

"तिथं समरजीतचं नाव आहे. तू चुना फासलास म्हणून ते गेलं नाही. तुला स्वतःला खाली सरकावं लागेल, संभाजी."

मधुवंतीनं ओठ चावले. समरजीत छताकडे पाहू लागला, अंगणाला छत नव्हतं तरीही. संभाजीराव फळ्यासमोर उभे होते. चौथं नाव त्यांचं, पांढऱ्या तेलरंगात, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. फाटकाला कडी घालून त्यांनी घरदार ओलीस धरलं होतं, आणि आता त्याच फाटकाच्या आत त्यांनाच ओलीस धरलं होतं.

"मटण थंड होतंय," मधुवंती म्हणाली.

"होऊ दे!" भाऊ-बहीण एकदम ओरडले.

स्मृतीकडे संभाजीरावांनी पाहिलं.  तिनं सलवार खाली करून तो पट्टा झाकला. चार महिने ती तो असाच झाकत आली होती, इथं, त्यांच्यासमोर, रोज संध्याकाळी.

त्यांनी सारवणातून उरलेल्या गेरूची वाटी उचलली.

"गेरू नको," अक्कासाहेब म्हणाल्या. "गेरू धुऊन जातो. बाकीची नावं कशानं लिहिलीत? तेलरंगानं. माझं पण तेलरंगानं."

"आज नवमी! दुकान कुठलं उघडं?"

"दाल बाज़ारच्या मागं एक आहे, मी बघतो," समरजीत म्हणाला आणि गेला. गेला आणि बावीस मिनिटांत आला. तोवर संभाजीराव फळ्यावरचं स्वतःचं नाव चाकूनं खरवडत होते. तेलरंग जुना होता, सहज निघत नव्हता, आणि ते दर अक्षराला एक शिवी देत होते. 'जगदाळे' हे आडनाव खरवडायला लागलं नाही, तेवढी बचत.

मग त्यांनी लिहिलं. चौथं, कुमुदिनी. पाचव्या जागी, चुन्याचा डाग आणि त्याखालचं जुनं नाव खरवडून, संभाजीराव. त्याखाली, सहाव्या जागी, त्यांनी कोणाकडेही न पाहता 'समरजीत' लिहिलं. 'त' जरा वाकडा आला.

"सातव्यासाठी जागा ठेवलीस ना?" अक्कासाहेब म्हणाल्या.

"ठेवलीय. पायावर अवलंबून आहे."

ब्रश पुसायला काही मिळेना. समोर सात पानांचं पत्र होतं. संभाजीरावांनी पहिलं पान उचललं, त्यावर 'दोष' या शब्दाखाली तीन रेघा मारलेल्या होत्या. त्यांनी त्याच पानाला ब्रश पुसला. मग दुसऱ्याला. सातही पानं पुरली.

अक्कासाहेब बाजेवरून उठल्या. काठी मधुवंतीकडे दिली, पदर खोचला, आणि ब्याऐंशी वर्षांची ती बाई अनवाणी गेरूवर आली. अंगणात आल्या आल्या वाकून माती कपाळाला लावली. एकाहत्तर वर्षांनी. पाटावरचा पट्टा उचलला नाही. नुसत्या दोन रिकाम्या मुठी पुढे धरल्या.

"बघा. उजवा पुढं. वजन उजव्यावर. आता डावा." त्यांनी डावा पाय उचलला. एक वीत. तो हवेत क्षणभर थांबला, वाकला, आणि उजव्याच्या पुढे जाऊन अलगद टेकला, मांजरासारखा. "आता वजन डाव्यावर. कळलं? पाय मागून येत नाही. पाय पुढं जातो."

स्मृतीनं केला. पहिल्यांदा घासला, दुसऱ्यांदा उचलला. तिसऱ्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. "दुखला नाही," ती म्हणाली. "पप्पा, दुखला नाही!"

समरजीत तिच्यामागे उभा राहिला. त्याला पाय उचलायला पाच खेपा लागल्या.

संभाजीराव फळ्याजवळ उभे होते. कोणी बोलावलं नाही. हे त्यांना आवडलं नाही. ते आपणहून चालत आले आणि रांगेत सगळ्यात शेवटी, मुलाच्या मागे, उभे राहिले.

"एक," अक्कासाहेब म्हणाल्या. "उजवा."

तिघांनी उजवा टाकला.

"दोन. डावा."

अंगणात तीन पाय उठायला हवे होते. गेरूवर एक लांब घसरटा उमटला.

"संभाजी," अक्कासाहेब मागे न पाहता म्हणाल्या. "पाय उचल."

"उचललाय!"

"नाही उचललास. पुन्हा. पहिल्यापासून."